पंचवीस पाने आणि दोन चरित्रे : पर्ल बक यांच्या मिशनरी कुटुंबकथेतील वियोग

एका वृद्ध मिशनऱ्याने आयुष्याच्या अखेरच्या काळात आपली जीवनकथा लिहून काढली. चीनमधील सुमारे अर्ध्या शतकाचे वास्तव्य, खेडोपाडी केलेली पायपीट, दंगे, दुष्काळ, ग्रीकवरून चिनी बोलीत केलेले नव्या कराराचे भाषांतर, असा मोठा ऐवज त्याच्यापाशी होता. कथा भरली अवघी पंचवीस पाने. त्याच्या मुलीने ती तासाभरात वाचून संपवली. त्या पानांत तिला आईचा उल्लेख एकदाच आढळला, तोही विवाह झाल्याची नोंद म्हणून. अपत्यांची यादीही एकदाच आली होती, आणि त्या यादीत एक मुलगा नव्हता. तो पाच वर्षांचा होऊन वारला होता. आईचा तो विशेष लाडका होता.

ही मुलगी म्हणजे पर्ल बक. वडिलांच्या चरित्रात, म्हणजे 'फायटिंग एंजल' (१९३६) या ग्रंथात, तिने हा प्रसंग नोंदवला आहे. त्याच वर्षी, त्याच्या थोडे आधी, तिने लिहिलेले आईचे चरित्र 'द एक्झाइल' प्रसिद्ध झाले होते. १९३८मध्ये पर्ल बक यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा चिनी शेतकरी-जीवनाच्या चित्रणाबरोबर या चरित्रांचाही गौरवाने निर्देश झाला होता. असे असूनही आपल्याकडे बक म्हणजे 'द गुड अर्थ' हे समीकरण इतके पक्के आहे की ही दोन पुस्तके कादंबरीकाराच्या जडणघडणीची साधने म्हणूनच चाळली जातात. साधन म्हणून वाचलेल्या पुस्तकाची रचना सहसा कोणी पाहत नाही. येथे ती पाहावयाची आहे. परदेशी गेलेल्या मिशनरी कुटुंबातील ताटातूट हा या ग्रंथांचा विषय आहे हे उघड आहे. परंतु ती त्यांच्या रचनेचे तत्त्वही आहे. चाळीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या पतिपत्नींची कथा त्यांच्या मुलीला एका पुस्तकात सांगता आली नाही. तिला दोन पुस्तके लिहावी लागली, आणि दोन्हींचा सूर, निवेदकाची जागा, काळाची गती ही परस्परांहून भिन्न ठेवावी लागली. या वस्तुस्थितीचा वाङ्मयीन अर्थ काय, असा प्रश्न आहे.

त्यासाठी मिशनरी चरित्र या वाङ्मयप्रकाराची पूर्वपीठिका थोडी ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत या प्रकाराचा पाया घालणाऱ्या पुस्तकांपैकी एक आहे हॅरिएट न्यूएलचे चरित्र. सॅम्युएल न्यूएलशी तिचा विवाह फेब्रुवारी १८१२मध्ये झाला आणि काही दिवसांतच हे दांपत्य जहाजाने भारताकडे निघाले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यात थारा दिला नाही. पुढच्या समुद्रप्रवासात तिचे नवजात मूल दगावले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर तीही वारली. तिचे वय एकोणीस होते. मिशनचे कोणतेही काम तिच्या हातून झालेले नव्हते. तरीही १८१४मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे चरित्र न्यू इंग्लंडच्या घराघरांत वाचले गेले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईत आला आणि १८२१मध्ये पटकीने तेथेच वारला. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ असा एका न लाभलेल्या संसारापासून होतो. त्याच मिशनचा गॉर्डन हॉल याची हकीकतही वेगळी नाही. १८२५मध्ये त्याची पत्नी दोन मुलांना घेऊन प्रकृतीच्या कारणास्तव अमेरिकेला निघाली, थोरला मुलगा वाटेतच वारला आणि पुढच्या मार्चमध्ये नाशिकच्या परिसरात फिरतीवर असताना हॉल स्वतः पटकीला बळी पडला.

या चरित्रांचा साचा ठरलेला आहे. पाचारण, विवाह, समुद्रप्रवास, कार्यक्षेत्र, आणि मग मृत्यू किंवा ताटातूट. यातील शेवटची पायरी ही कथेचे अपयश मानली जात नाही. उलट तिनेच कथा सार्थ होते. मूल गेले, पत्नी गेली, मुले सातासमुद्रापलीकडे शाळेत ठेवली, हे सर्व समर्पणाच्या खात्यावर जमा होते. वियोग ही येथे एक प्रकारची नाणी आहेत, आणि ती कोणाच्या खिशातून गेली हे विचारण्याची सोय या वाङ्मयप्रकारात नाही. मुलांच्या प्रश्नावर मिशनांनी पुढे व्यावहारिक तोडगे काढले. होनोलुलूजवळची पुनाहोऊ शाळा (१८४१), लंडनजवळची वॉल्थमस्टोची शाळा, चीनमधील शेफूची आणि आपल्याकडे कोडईकनालची (१९०१) शाळा यांचा जन्म या गरजेतून झाला. शाळा निघाल्या, पण वाङ्मयीन साचा बदलला नाही.

त्या साच्यातून काय गळते याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. विल्यम केरीने सिरामपूरहून १८०५मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१०मध्ये कोश दिला, १८११मध्ये मराठी नवा करार काढला. आपल्या गद्याच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडावे, ही सनावळी पहिल्या प्रकरणात हजर असते. त्या सनावळीत डोरोथी केरी नसते. विवाहप्रसंगी सहीऐवजी फुली काढणाऱ्या या स्त्रीने हिंदुस्थानात येण्यास प्रथम नकार दिला होता. बहीण सोबत येईल या अटीवर ती १७९३मध्ये निघाली. दुसऱ्या वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर बंगालमध्ये वारला आणि त्यानंतर तिचे मन जे ढळले ते डिसेंबर १८०७मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. केरीच्या अभ्यासिकेपासून एक खोली सोडून पलीकडे ती कोंडलेली असे आणि तिचा आक्रोश चालू असताना भाषांतराचे काम चालत असे, असे त्याच्या जवळच्या वर्तुळातल्यांनीच लिहून ठेवले आहे. तिचे स्वतंत्र चरित्र जेम्स बेक यांनी लिहिले ते १९९२मध्ये. मराठी व्याकरणाच्या पहिल्या छापील पानांमागे हा आवाज आहे हे ऐकल्याने केरीचे श्रेय कमी होत नाही. मात्र त्या श्रेयाची कथा सांगण्याची आपली पद्धत किती निर्वेध आहे ते लक्षात येते.

पर्ल बक यांनी या निर्वेधतेलाच हात घातला. त्यांचे वडील ॲब्सलम सिडनस्ट्रिकर आणि आई कॅरोलाइन, म्हणजे केरी, हे दोघे १८८०च्या उन्हाळ्यात विवाहबद्ध होऊन दक्षिणेकडील प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे चीनला गेले. त्यांना सात मुले झाली. त्यांपैकी चार चीनमधील वास्तव्याच्या काळात दगावली. केरी ऑक्टोबर १९२१मध्ये जनजिआंग येथे वारली. तिच्या मृत्यूनंतर लगेचच मुलीने तिची कथा लिहून काढली, ती छापण्यासाठी नव्हे. घरातल्या माणसांसाठी, विशेषतः आजीला न पाहिलेल्या पुढच्या पिढीसाठी ते बाड होते. १९२७च्या नानजिंगमधील लुटीतूनही ते वाचले. छापले गेले पंधरा वर्षांनी. म्हणजे 'द एक्झाइल' हे मूलतः शोकलेखन आहे आणि 'फायटिंग एंजल' हे वडिलांच्या मृत्यूनंतर, लेखनावर पूर्ण हुकमत आल्यावर, प्रकाशनासाठीच लिहिलेले पुस्तक आहे. दोहोंच्या सुरांतील अंतर काही अंशी येथूनच आलेले आहे. पण काही अंशीच.

'द एक्झाइल'ची सुरुवात केरीच्या एका चित्राने होते. ती चिनी शहरातल्या आपल्या अमेरिकन बागेत उभी आहे. निवेदक 'मी' म्हणून बोलतो आणि अनेक चित्रांतून हे एक आपण निवडले असल्याचे सांगतो. नंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडते. केरीच्या मुलांत कम्फर्ट नावाची एक मुलगी येते आणि ती तृतीय पुरुषातच वावरते. कम्फर्ट हे पर्ल बक यांचेच मधले नाव आहे. म्हणजे निवेदन करणारी मुलगी आणि निवेदनातली मुलगी यांची लेखिकेने फारकत केली आहे. यामागे संकोच असेल, किंवा घरगुती बाडाचा शिष्टाचार असेल. परिणाम मात्र असा होतो की पुस्तकात आईशी समोरासमोर बोलणारे कोणी उरत नाही. सगळे तिच्याकडे पाहतात. तिच्याविषयी ममतेने बोलले जाते, पण तिच्याशी नव्हे.

या पुस्तकाची शक्ती त्याच्या तपशिलांत आहे. प्रत्येक नव्या घराच्या भिंतीआड केरी फुलझाडे लावते, चुना मारते, पडदे शिवते, ऑर्गन जपून हलवते, आणि घर बसते न बसते तोच नवऱ्याला आणखी आतल्या प्रांतात जाण्याची हाक येते. मुलांचे मृत्यू एकेक करून सविस्तर येतात. प्रत्येक मृत्यूला त्याचे ठिकाण आहे, हवा आहे, कबर आहे. मिशनरी चरित्रात समर्पण म्हणून एका वाक्यात उरकले जाणारे प्रसंग येथे स्वतःचा पूर्ण वेळ घेतात. कालगतीचा हा बदल वरवर साधा दिसतो, पण साच्याविरुद्धचे खरे बंड तेथे आहे. केरीच्या श्रद्धेचे चित्रणही असेच साच्याबाहेरचे आहे. आईच्या मृत्यूशय्येपाशी तिने देवाकडे खूण मागितली, ती मिळाली असे मानून आयुष्य वाहून टाकले, आणि नंतरची सारी वर्षे त्या खुणेच्या दुसऱ्या प्रचीतीची वाट पाहिली. ती आली नाही. अश्रद्धेपर्यंत न पोहोचणारी आणि श्रद्धेतही न विसावणारी ही अवस्था इंग्रजी मिशनरी वाङ्मयात विरळाच आढळते.

असे असूनही 'द एक्झाइल' मला उणे वाटते. लेखिकेला आईच्या वियोगाला एक नाव हवे होते आणि ते तिने फार लवकर निवडले. ते नाव म्हणजे अमेरिका. केरी ही पाहता पाहता अमेरिकेचे प्रतीक होते. तिचा उत्साह, तिची स्वच्छता, तिचा विनोद, तिची बाग, सर्व काही मायदेशाच्या खात्यावर जाते, आणि ज्या वियोगाचा संबंध शयनगृहाशी, घरखर्चाशी, न झालेल्या संभाषणांशी होता, तो भूगोलाचा वियोग बनतो. हद्दपारी या शब्दात परतण्याची एक जागा गृहीत असते. परंतु केरी जेव्हा रजेवर अमेरिकेला गेली तेव्हा तिचा वियोग संपला काय? पुस्तकातीलच पुरावा तसे सांगत नाही. तिला जे मिळाले नव्हते ते वेस्ट व्हर्जिनियातही नव्हते.

आणखी एक गोष्ट. परदेशी मिशनरी स्त्रिया म्हणजे केवळ सोसणाऱ्या स्त्रिया, अशी समजूत 'द एक्झाइल'मुळे दृढ होते. जेन हंटर यांनी 'द गॉस्पेल ऑफ जेंटिलिटी' (१९८४) या अभ्यासात दाखवून दिले आहे की चीनमधील अमेरिकन मिशनऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली होती, आणि त्यांतल्या कित्येकींना, विशेषतः अविवाहितांना, मायदेशात न लाभणारे अधिकार, काम आणि प्रतिष्ठा तेथे लाभली. त्यांच्या दृष्टीने घरापासून दूर जाणे ही सुटका होती. केरीचे दुःख खरे आहे, पण ते सर्व मिशनरी स्त्रियांचे दुःख नव्हे. ते मुख्यतः मिशनऱ्याच्या पत्नीचे दुःख आहे. हा भेद स्त्रीवादी समीक्षेतही पुष्कळदा पुसला जातो.

'फायटिंग एंजल'मध्ये हे शैथिल्य नाही. येथे निवेदक सरळ 'मी' आहे आणि तो रागावलेला आहे. वडिलांना (पुस्तकात त्यांचे नाव अँड्र्यू) लेखिका कोठेही खोटे, दांभिक किंवा दुष्ट ठरवत नाही. तसे केले असते तर काम सोपे झाले असते. ते निःस्वार्थी आहेत, निर्भय आहेत, आपल्या ध्येयाशी अखंड प्रामाणिक आहेत, आणि याच गुणांनी घर उजाड होते. विवाहानंतर आगगाडीच्या प्रवासाला निघताना त्यांनी तिकीट एकच काढले होते, ही हकीकत विनोदी म्हणून सांगितली जाते आणि पुस्तकभर पुरते. ते विसराळू होते एवढाच तिचा अर्थ नाही. त्यांच्या मनातल्या प्रवासात मुळात एकच प्रवासी होता.

नव्या कराराच्या भाषांतराचे प्रकरण हा माझ्या मते या पुस्तकाचा गाभा आहे. रूढ भाषांतरांनी समाधान न झाल्याने अँड्र्यू स्वतः भाषांतराला बसतो, छपाईचा खर्च घरखर्चातून काढतो, एक आवृत्ती संपली की सुधारून दुसरी काढतो. मुलांना तो ग्रंथ म्हणजे न मिळालेली खेळणी, न शिवलेले कपडे, न घेतलेली पुस्तके एवढाच माहीत असतो. केरी काटकसर करून पैसे देत राहते. सिरामपूरच्या त्या एक खोली सोडून असलेल्या खोलीची येथे आठवण होते. शब्दाचे शब्दांतर करणारा पुरुष आणि त्या शब्दाच्या किमतीत हिशेबाला न धरलेले घर, ही जोडी वसाहतकाळातील भाषाकार्याच्या इतिहासात पुनःपुन्हा भेटते. पर्ल बक यांनी ती अर्थव्यवहाराच्या पातळीवर पकडली, पैशाच्या आकड्यांत पकडली, म्हणून ती भावविवश झाली नाही. संत पौलाबद्दलचा आपला द्वेषही त्या लपवत नाहीत. स्त्रीविषयक पौलाची वचने आईच्या आयुष्यावर कशी उतरली हे पाहिलेल्या मुलीचा तो द्वेष आहे, आणि एका मिशनऱ्याच्या चरित्रात तो छापला जाणे ही १९३६मध्ये लहान गोष्ट नव्हती. त्याआधी १९३२मध्ये परदेशी मिशनकार्याच्या औचित्यावरच त्यांनी जाहीर व्याख्यानात प्रश्न उभा केला होता आणि पुढच्या वर्षी मिशनच्या सेवेतून राजीनामा दिला होता.

एकच घटना दोन्ही पुस्तकांत कशी येते हे पाहिले की दोन पुस्तके का लागली याचे उत्तर मिळते. १९००मध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी केरी आणि मुले शांघायला हलवली गेली. अँड्र्यू मागे राहिला. 'द एक्झाइल'मध्ये हा काळ वाट पाहण्याचा आहे. भाड्याची जागा, उकाडा, मुले, बातमी नाही. 'फायटिंग एंजल'मध्ये तोच काळ एका माणसाच्या परमोच्च धैर्याचा आहे. एकटा पडल्यावरच तो खुलतो. कुटुंब दूर गेल्याने त्याला जे मोकळेपण मिळते ते वाचकालाही जाणवते, आणि क्षणभर आपणही त्या घराला विसरतो. एकाच ग्रंथात हे दोन अनुभव ठेवले असते तर एकाला दुसऱ्याचा पूरक बनावे लागले असते. पत्नीची प्रतीक्षा पतीच्या शौर्याची पार्श्वभूमी झाली असती, जसे हॅरिएट न्यूएलच्या काळापासून होत आले. दोन बांधण्यांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते तीच या संसाराची खरी जागा आहे. १९४४मध्ये प्रकाशकाने दोन्ही पुस्तके 'द स्पिरिट अँड द फ्लेश' या नावाने एकत्र आणली. पतीला आत्मा आणि पत्नीला देह ठरवणारे हे शीर्षक अँड्र्यूच्या धर्मशास्त्राला मान्य झाले असते. ज्या विभागणीविरुद्ध लेखिका आठशे वाटांनी लिहीत होती, तीच वेष्टनावर छापली गेली.

या कुटुंबकथेतील वांग आमा या चिनी दाईबद्दल थोडे बोलले पाहिजे. मुलांना वाढवणारी, त्यांना चिनी बोली आणि कथा देणारी ही बाई दोन्ही पुस्तकांच्या कडेकडेने वावरते आणि जिव्हाळ्याने रंगवलेली आहे. पण वियोगाचा हिशेब मांडताना लेखिकेच्या वहीत तिचे खाते नाही. जी स्त्री आयुष्यभर दुसऱ्याची मुले वाढवते तिच्यापासून काय तुटले असेल हा प्रश्न, वडिलांना खडसावणाऱ्या लेखणीलाही सुचत नाही. आपल्याकडच्या मिशन बंगल्यांतील आयांचीही कथा अशीच अलिखित आहे.

मराठी वाचकाला येथवर 'स्मृतिचित्रे' आठवली नसतील असे होणार नाही. योगायोग असा की 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या वर्षांतच प्रसिद्ध झाले. अहमदनगर आणि जनजिआंग यांना परस्परांची वार्ता नव्हती. तुलना करताना फरक आधी मांडला पाहिजे. नारायण वामन टिळक परदेशी गेलेले मिशनरी नव्हते. ते स्वतःच्याच मुलखात, १८९५च्या बाप्तिस्म्याने, घरच्यांना परके झाले. लक्ष्मीबाईंचा वियोग समुद्राने घडवलेला नव्हता. दोन गावे आणि एक धर्मांतर एवढ्यावर तो घडला आणि काही वर्षांनी मिटलाही. पण ध्येयाने झपाटलेला पती, घरातले पैसे कोठे जातील याचा नेम नसणे, हाक आली की उठून चालू लागणे, हे सारे अँड्र्यूच्या घरासारखेच आहे.

फरक पडतो तो निवेदनात. लक्ष्मीबाई स्वतः बोलतात. त्यांना टिळकांशी भांडता येते, त्यांची फजिती सांगता येते, स्वतःची त्याहून अधिक सांगता येते, आणि भांडण संपल्यावर दोघे एकाच वाक्यात हसताना दिसतात. त्यामुळे 'स्मृतिचित्रे'ला दोन पुस्तकांची गरज पडली नाही. केरीला मात्र स्वतःचे निवेदन नाही. तिच्या वतीने मुलगी बोलते, आणि वकिलाच्या भाषेत विनोदाला जागा कमी असते. केरी विनोदी होती असे 'द एक्झाइल' आपल्याला वारंवार सांगते. लक्ष्मीबाई विनोदी होत्या असे 'स्मृतिचित्रे'त कोणाला सांगावे लागत नाही. मुलीने आईला न्याय मिळवून दिला, पण आईच्या तोंडचा नवरा ती आपल्याला दाखवू शकली नाही. तो कदाचित 'फायटिंग एंजल'मधल्या अँड्र्यूपेक्षा वेगळा असता.

आता पुन्हा त्या पंचवीस पानांकडे वळू. यादीतून गळालेला मुलगा हा लेखिकेच्या दृष्टीने निर्णायक पुरावा आहे. ज्या बापाला आपले मूल आठवले नाही त्याच्याविषयी आणखी काय सांगावयाचे, असा तिचा रोख आहे, आणि पहिल्या वाचनात वाचकही तो मान्य करतो. पण १९३६मध्ये हे वाक्य लिहिणाऱ्या लेखिकेच्या आयुष्यातील एक गोष्ट तिच्या वाचकांना ठाऊक नव्हती. १९२०मध्ये जन्मलेली तिची मुलगी कॅरल मतिमंद होती आणि १९२९मध्ये न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत तिला कायमची ठेवून पर्ल बक चीनला परतल्या होत्या. त्या वेळी त्या स्वतःही एका मिशनऱ्याच्या पत्नीच होत्या. जगप्रसिद्ध झाल्यावरही त्यांनी ही मुलगी जाहीर लेखनात आणि मुलाखतींत येऊ दिली नाही. 'द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू' या लेखनातून त्यांनी तिच्याविषयी बोलण्याचे धैर्य केले ते १९५०मध्ये. तोवर त्यांच्या स्वतःच्या यादीतही एक मूल नव्हते.

चरित्रात्मक समीक्षेचा हा मोह धोक्याचा आहे, याची जाणीव मला आहे. लेखिकेला ढोंगी ठरवणे हा येथे हेतू नाही, आणि दोन्ही मौने एकजात आहेत असेही म्हणावयाचे नाही. कॅरलविषयीचे मौन हे विस्मरण नव्हते. ती जखम होती, आणि 'द गुड अर्थ'मधील त्या मुक्या, मतिमंद मुलीच्या रूपाने ती वाहतही होती. मुद्दा संहितेचा आहे. एखादे मूल यादीत नाही म्हणजे ते मनात नाही, हे समीकरण चूक असू शकते, हे पर्ल बक यांच्याइतके कोणालाच स्वानुभवाने माहीत नव्हते. तरीही 'फायटिंग एंजल'मध्ये त्यांनी वडिलांना ही शंकेची सवलत दिली नाही. पाच वर्षांच्या मुलाचे नाव लिहिताना त्या म्हाताऱ्याचा हात अडखळला असेल काय, हा प्रश्न पुस्तकात कोठेही उभा राहत नाही. उपरोधाची जी धार या ग्रंथाला 'द एक्झाइल'हून श्रेष्ठ बनवते, तीच धार या ठिकाणी दृष्टी अरुंद करते. दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे ही खात्री मिशनरी वृत्तीचेच एक लक्षण होय. बापाच्या विरोधात लिहिताना मुलगी या एका बाबतीत बापासारखी झाली आहे.

'फायटिंग एंजल'च्या अखेरच्या भागातील वृद्ध अँड्र्यू वाचताना हे अधिक जाणवते. केरीच्या मृत्यूनंतर ॲब्सलम सिडनस्ट्रिकर नानजिंगला मुलीच्या घरी राहिले. दहा वर्षे बाप आणि लेक एका घरात होते. या पानांत लेखिकेचा राग निवळतो, वडिलांच्या एकटेपणाविषयी एक चकित करणारी कोवळीक येते, तरी दोघांत संवाद असा होत नाही. आईविषयी तर मुळीच नाही. १९३१मध्ये ते कुलिंगच्या डोंगरावर वारले आणि त्यांना तेथेच पुरले. केरीची कबर खाली जनजिआंगच्या परकीयांच्या दफनभूमीत होती, मुलांच्या कबरी काही तिच्याजवळ आणि काही शांघायमध्ये. वडिलांचे ते आत्मकथन पुढे १९७८मध्ये अमेरिकेत छापले गेले, पर्ल बक यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. 'अवर लाइफ अँड वर्क इन चायना' असे त्याचे शीर्षक आहे. मुलीने एका तासात वाचून बाजूला ठेवलेली ही संहिता आता दोन चरित्रांच्या शेजारी ठेवून, आणि शीर्षकातील त्या 'आमचे' या सर्वनामावर थांबून, वाचावयास हवी.